‘माहीत नाही’ हेही उत्तर असते

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतून समुद्र दिसत नाही. तरीही आमच्या निवासी शाळेत सागरी कासवांवर एक पाठ घेतला जातो. माजी विद्यार्थी व पालक त्याचे कारण नेहमी विचारतात, म्हणून येथे लिहीत आहोत.

वरंधा घाट उतरून आम्ही मुलांना महाडच्या चवदार तळ्यावर नेले होते. तेथून मंडणगड तालुक्यातील आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी आणि शेवटी त्याच तालुक्यातील वेळासला गेलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते काम आपलेसे केले. वाळूतून निघून समुद्राकडे धावणारी पिल्ले मुलांनी डोळे भरून पाहिली. परतताना मात्र किनाऱ्यावर एक मोठे कासव मरून पडलेले दिसले. ‘हे कशाने मेले?’ मुलांनी विचारले. ‘कोळ्यांच्या जाळ्यात सापडून,’ आम्ही तत्क्षणी सांगितले. तेव्हा आठवीतील एक मुलगी म्हणाली, ‘सर, अंगावर जाळ्याचा वळ दिसत नाही. मग कोळ्यांनीच मारले हे कशावरून?’

आम्ही निरुत्तर झालो. पुराव्याविना एका कष्टकरी समाजावर दोष ठेवला गेला होता, आणि तो ठेवणारे आम्ही होतो. असे दोष ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांच्याकडून हे व्हायला नको होते. त्या खजिलपणातून हा पाठ तयार झाला.

पाठाचे तीन भाग आहेत.

पहिला भाग एका कासवाचा. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते गुदमरते. बोटीच्या पंख्याचा घाव, पोटातील प्लॅस्टिक, आजार हीही कारणे असू शकतात. शव ताजे असेल तर शवविच्छेदनाने काही उलगडते. कुजल्यावर पुष्कळसा पुरावा नाहीसा होतो. गुदमरलेल्या कासवाच्या अंगावर वळ उठेलच असे नाही. म्हणजे आमचे उत्तर सिद्ध नव्हते, आणि वळ नाही म्हणून जाळे नव्हते, हेही सिद्ध होत नव्हते.

दुसरा भाग मोजदादीचा. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर कासवे अधिक वाहून येतात. मग त्या काळात ती अधिक मरतात काय? नैर्ऋत्येचे वारे तरंगती वस्तू किनाऱ्याकडे ढकलतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. भाटघरच्या जलाशयात मुलांनी खुणा केलेले पन्नास लाकडी तुकडे सोडले. दुसऱ्या दिवशी काठावर मोजकेच सापडले. जे काठाला लागते तेवढेच आपण मोजतो, हे मुलांना फळ्याविना समजले.

तिसरा भाग ज्ञान बदलण्याचा. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील ऑलिव्ह रिडले कासवे वेगवेगळी, असा समज होता. २०२१ साली ओडिशात ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. एका नोंदीने जुना समज फेरविचारास लावला. चूक मान्य करण्यात विज्ञानाचा कमीपणा नाही.

मात्र अनिश्चितता म्हणजे स्वस्थ बसण्याची सबब नव्हे. त्या एका कासवाचे कारण अज्ञात आहे. मासेमारीच्या जाळ्यांत कासवे मरतात हे मात्र जगभरच्या अभ्यासांनी दाखविले आहे. म्हणून कासवाला निसटता येईल अशी जाळी हवीत, आणि त्या कामी कोळी बांधवांना सोबत घ्यायला हवे. काय माहीत आहे, काय नाही आणि तरीही काय करणे योग्य, हे तीन रकाने मुले वहीत आखतात.

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण जाणतोच. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकबुद्धी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. गावात मूल तापाने फणफणले की करणी, कोप अशी ठाम उत्तरे देणारे आजही भेटतात. पालकहो, अशा वेळी आपले मूल ‘माहीत नाही, डॉक्टरांना विचारू या’ असे म्हणाले, तर त्याला गप्प करू नका. आम्हालाही ते एका मुलीने शिकविले आहे.