वाटेवरची शिदोरी : मोटारचालकाच्या दुपारच्या भोजनाचा विचार

'शिदोरी' हा आपल्या भाषेतील फार जुना आणि जिव्हाळ्याचा शब्द आहे. वाटेने जाणाऱ्याच्या हाती घरून जे अन्न बांधून दिले जाते ती शिदोरी. आम्हां माळव्यातील मराठी मंडळींचे पूर्वज पवार, शिंदे, होळकर यांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून इकडे आले, ते अशाच शिदोरीच्या आधाराने. त्या काळच्या प्रवासाला एक नियम आपोआप लागू होता. दुपारी बैल थकत. त्यांना सावलीत सोडून पाणी दाखवावे लागे, वैरण घालावी लागे. बैल थांबला की गाडीवानही थांबे, हातपाय धुऊन शिदोरी सोडी आणि घटकाभर आडवा होई. जनावराच्या भुकेमुळे माणसाचेही जेवण वेळेवर होई.

आज बैलाची जागा यंत्राने घेतली आहे आणि यंत्राला दुपारची भूक लागत नाही. टाकीत तेल आहे तोवर ते चालते. म्हणून चालकही चालवीत राहतो. आमच्या अमझेऱ्याच्या जवळून इंदूर-अहमदाबाद हा मोठा रस्ता जातो. त्यावरून मालमोटारी, दुधाचे व भाजीचे टेम्पो, शाळांच्या बसगाड्या आणि यात्रेकरूंच्या जीपा अहोरात्र धावतात. धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणारे चालक, गावोगावी फिरणारे औषधांचे प्रतिनिधी, खेपा करणारे व्यापारी, या सर्वांची दुपार गाडीतच जाते. त्यांपैकी कित्येकांचे भोजन म्हणजे सकाळी पोहे-जिलबी, दुपारी दोन कचोऱ्या, चार वाजता चहा-शेव आणि रात्री घरी पोटभर जेवण. या क्रमात काय बिघडते आणि ते कसे सुधारावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१. बैठ्या कामाचा परिणाम

शेतात राबणाऱ्याला जे अन्न पचते ते चाकामागे बसणाऱ्याला पचेलच असे नाही. याविषयी लंडन शहरातील एक शोध जगप्रसिद्ध आहे. जेरी मॉरिस या वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक दिवसभर बसून असे. वाहक दुमजली गाडीचे जिने चढउतार करीत तिकिटे देई. हृदयविकाराचे प्रमाण चालकांत अधिक आढळले. पुढे १९५६ साली त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे पाहिली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर अधिक असल्याचे दिसले. सर्व दोष बैठकीचाच, असे यावरून म्हणता येत नाही. स्थूल माणसे प्रथमपासूनच चालकाच्या कामाकडे वळली असणेही शक्य आहे. तथापि बोध स्पष्ट आहे. ज्याचे शरीर कामात कमी हलते, त्याने तेलातुपाच्या आणि मैद्याच्या पदार्थांविषयी इतरांहून अधिक सावध असले पाहिजे.

२. दुपारची झापड

दुपारी डोळे जड होतात ते केवळ जेवणामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः शरीराचे एक अंतर्गत घड्याळ असते आणि त्याच्या गतीनेच साधारणतः दोन ते चारच्या सुमारास जागरूकता मंदावते. जड जेवण त्यात भर घालते. आदल्या रात्रीची अपुरी झोप तर आगीत तेल ओतते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. चार सेकंद डुलकी लागली तर ८० मीटर रस्ता कोणाच्याही नजरेवाचून मागे पडतो. पुढे माछलिया घाटाची वळणे असतील, तर या ८० मीटरांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

दाल-बाफले हे आमच्या माळव्याचे भूषण आहे. उकडून, भाजून, वर तुपात बुडविलेल्या बाफल्याची निंदा करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र ते जेवण झाल्यावर ओसरीवर लवंडावयाचे असते, गाडी घेऊन घाट उतरावयाचा नसतो. सणाच्या दिवशी घरी बाफले अवश्य खावेत. कामाच्या दुपारी पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवून उठावे आणि शक्य तर गाडी सुरक्षित जागी उभी करून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. चहा घ्यावयाचा तर या विश्रांतीच्या आधी घ्यावा, कारण चहाकॉफीतील उत्तेजक द्रव्याचा परिणाम जाणवण्यास साधारण वीस-तीस मिनिटे लागतात. झोपेची जागा मात्र चहा कधीही घेऊ शकत नाही.

३. डब्यात काय असावे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसाच्या ताटाचा सुमारे अर्धा भाग भाज्या, फळे, पालेभाज्या व कंदमुळे यांचा असावा असे सांगितले आहे. त्याखालोखाल धान्ये आणि मग डाळी, दूध, शेंगदाण्यासारखे पदार्थ. आपल्या डब्यात सामान्यतः याच्या उलट असते: चार पोळ्या आणि बोटभर बटाट्याची भाजी.

सबब डबा भरताना प्रमाण पालटावे. दोन ज्वारीच्या वा मक्याच्या भाकरी किंवा दोन-तीन पोळ्या पुरेत. त्यांबरोबर मेथी, पालक, अंबाडी, गिलकी, दुधी, यांपैकी ऋतूत मिळेल ती भाजी भरपूर असावी. मूग, मटकी अथवा हरभरा यांची सुकी उसळ असली म्हणजे पोट बराच वेळ भरल्यासारखे राहते आणि चार वाजता कचोरीची आठवण होत नाही. काकडी, गाजर, मुळा धुऊन अखंड न्यावेत व जेवतेवेळी चिरावेत. थोडी शेंगदाण्याची चटणी आणि एक पेरू वा केळे एवढ्यावर जेवण पूर्ण होते. वाटेत तोंडात टाकण्यास शेवेच्या पुडीऐवजी फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे ठेवावेत, तेही मूठभरच.

डबा नसेल त्या दिवशी ढाब्याला दोष देऊन उपाशी राहू नये. तेथेही निवड करता येते. तूप न लावलेली तंदुरी रोटी, वरून फोडणी न घातलेली डाळ, एखादी हिरवी भाजी, कांदा आणि ताक मागावे. समोर शिजलेले वाफाळते अन्न घ्यावे. उघड्यावर चिरून ठेवलेली फळे, दिवसभर मांडून ठेवलेल्या चटण्या आणि ठाऊक नसलेल्या पाण्याचे बर्फ टाळावेत.

आणखी एक गोष्ट लहान वाटली तरी महत्त्वाची आहे. एक हात चाकावर आणि एका हातात घास, असे कधीही जेवू नये. यात लक्ष दुभंगते. अन्न न चावता गिळले जाते आणि किती खाल्ले याचे भान राहत नाही. गाडीत पाण्याची एक वेगळी बाटली आणि साबणाची वडी ठेवावी. हात धुऊन, गाडीबाहेर सावलीत बसून जेवावे आणि उठल्यावर शंभर-दोनशे पावले चालावे.

४. अन्न टिकविणे आणि पाणी पिणे

गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या व नासलेल्या अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. आजचे शास्त्रही अन्न नासण्याविषयी बजावते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून ओलसर शिजलेले अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एक तासाहून अधिक ठेवू नये, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. माळव्यात वैशाख-ज्येष्ठात पारा ४० अंशांवर जातो आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत त्याहूनही अधिक.

भाताविषयी विशेष सावधगिरी हवी. तांदळातील एका जंतूचे बीज शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की ते वाढते आणि त्याच्या विषाने वांत्या होतात. सबब उन्हाळ्यातील डब्यात भात, पातळ वरण, खीर, पनीर आणि ओल्या नारळाची चटणी नसावी. भाकरी, थालीपीठ, परतलेली कोरडी भाजी आणि सुकी चटणी हे पदार्थ त्या मानाने टिकाऊ आहेत. पातळ पदार्थ न्यावयाचाच तर उष्णता राखणाऱ्या डब्यात आधी उकळते पाणी काही वेळ ठेवून, ते ओतून टाकून, मग कढत पदार्थ भरावा. डबा पुढच्या काचेजवळ उन्हात न ठेवता आसनाखाली ठेवावा.

पाण्याची कथा निराळी आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून अनेक चालक मुद्दाम पाणी कमी पितात. इंग्लंडातील लफबरो विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, पाणी कमी प्यालेल्या चालकांच्या हातून पुरेसे पाणी प्यालेल्या अवस्थेच्या दुपटीहून अधिक चुका झाल्याचे दिसले. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. गोड बाटलीबंद पेये ही पाण्याची जागा घेत नाहीत.

५. मधुमेह आणि उपवास

जे चालक मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी दुपारचे जेवण चुकविणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. औषध पोटात आणि अन्न नाही, अशा स्थितीत साखर एकाएकी उतरते. दरदरून घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बुद्धी गोंधळते. असे जाणवताच गाडी बाजूस घेऊन थांबवावी, तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि मग काही अन्न खावे. बरे वाटू लागले तरी पाऊण तास गाडी हाती घेऊ नये. साखरेची पुडी अशा चालकाच्या खिशात नेहमी असावी.

उपवासाविषयी श्रद्धाळू वाचक विचारतील. चतुर्थी, एकादशी वा नवरात्र यांचे व्रत करणाऱ्याचा आम्हांस आदरच आहे. परंतु दिवसभर काहीच न खाता शेकडो किलोमीटर गाडी हाकणे किंवा तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी भरपेट खाऊन चाकामागे बसणे, ही दोन्ही टोके टाळावीत. अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही, असा गीतेच्या सहाव्या अध्यायाचा आशय आहे. उपवासाच्या दिवशी फळे, ताक, राजगिरा आणि थोडे शेंगदाणे वेळेवर घ्यावेत. मधुमेही चालकाने वैद्याला विचारल्यावाचून उपवास करू नये.

६. हे कर्तव्य कोणाचे?

येथवर जे सांगितले त्याचा भार एकट्या चालकावर टाकणे अन्यायाचे होईल. त्याच्यापाशी डबा असतो; पण तो सोडावयास वेळ नसतो. १९६१ साली आपल्या संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये आणि त्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असे तत्त्व घालून दिले. हा अर्धा तास म्हणजे चालकाची दुपार होय. माल लवकर पोहोचविण्याच्या घाईत मालक तो हिरावून घेतो, तेव्हा रस्त्यावरील प्रत्येकाची सुरक्षितता तो हिरावून घेत असतो.

घरीही विचार व्हावा. पहाटे उठून डबा करण्याचे काम एकट्या गृहिणीचे मानू नये. भाजी निवडणे, कडधान्य भिजविणे, डबा धुणे ही कामे चालकाने स्वतः आदल्या रात्री करावीत.

आणि आपण यात्रेकरू? अमझेऱ्याच्या अमका-झमका देवीच्या स्थानाशी स्थानिक परंपरा रुक्मिणीहरणाची कथा जोडते. दर्शनाला मंडळी भाड्याच्या गाडीने येतात, पंगतीला बसतात, आणि चालक गाडीपाशी उभा असतो. सर्वांचे आटोपल्यावर त्याला उरलेसुरले मिळते, तेही निघावयाच्या घाईत. हे योग्य नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवसाचे वर्णन आहे. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी झाली नाही तर अर्जुनाला अग्निप्रवेश करावयाचा होता. एवढी निकड असतानाही थकलेले घोडे पाहून भर रणांगणात रथ थांबविण्यात आला, अर्जुनाने पाणी उत्पन्न केले आणि सारथी श्रीकृष्णाने घोडे सोडून, त्यांची शल्ये काढून, त्यांना पाणी पाजले. त्या दिवशीही थांबण्यास वेळ मिळाला. आपल्या खेपेची निकड त्याहून मोठी खचित नाही. म्हणून सहलीचा वा यात्रेचा बेत आखताना चालकाच्या भोजनाची आणि विश्रांतीची वेळ आधी ठरवावी, पहिले पान त्याचे वाढावे, आणि जड पक्वान्नांचा आग्रह मात्र त्याला करू नये.

विचारार्थ प्रश्न

१. बैलगाडीच्या प्रवासात गाडीवानाचे जेवण वेळेवर का होत असे? मोटारीच्या प्रवासात तो नियम कोणी पाळावयाचा?

२. आपल्या घरातून कामावर जाणाऱ्या चालकाच्या कालच्या डब्यात भाजीचा भाग किती होता? उद्या त्यात कोणता बदल करता येईल?

३. उन्हाळ्यातील डब्यात कोणते पदार्थ घालू नयेत, व का?

४. मागील सहलीत आपल्या गाडीच्या चालकाने किती वाजता जेवण केले, हे आपणांस सांगता येईल काय?