मागच्या बाकावर बसू नकोस

प्रिय बाळा,



तुझं पत्र वाचून जीव कळवळला. तरुण संघाच्या सभेत तू लाव्हाच्या थरांचं आणि कोट्यवधी वर्षांचं बोललीस, काकांनी ‘देवळात हे नको’ म्हणून गप्प केलं, आणि आता तू मागच्या बाकावर बसतेस, आशीर्वाद झाला की कोणाला न भेटता निघतेस. मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना सुचत नाही, मग मंडळीला माझा काय उपयोग, असं विचारतेस. तू भूविज्ञान शिकतेस आणि तेही नागपुरात, तेव्हा उत्तर तुझ्याच गावातलं देते.

स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले ते सुवार्तेसाठी. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. हिस्लॉप कॉलेजला नाव त्यांचंच. याच माणसाने टाकळीजवळ काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला जुन्या तळ्याचा गाळ उकरला आणि त्यातले गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख जपून ठेवले. त्यांच्याच नावाचं हिस्लोपाइट हे खनिज तर तुला माहीतच असेल. परधान गायकाकडून गोंडांच्या लिंगोची गाथा त्यांनी लिहून घेतली, ती त्यांच्या पश्चात 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते गेले. रविवारचा हिस्लॉप एक आणि हातोडी घेऊन हिंडणारा दुसरा, अशी वाटणी त्यांनी केली नाही. तूही करू नकोस. देवाने तुला दगड वाचायची नजर दिली आहे, ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची नसते.

आणि येत नाही म्हणून मागे राहायचं, तर लक्ष्मीबाई टिळकांनी काय करायचं होतं? लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पती टिळकांच्या मागे अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनीच पुरं केलं.

मात्र तू बरोबर आणि काका चूक, असंही मी म्हणणार नाही. त्या काकांना मी ओळखते. मंडळीतलं कोणी मेडिकलला भरती झालं की पहिला डबा त्यांच्या घरून जातो. मयताच्या घरी खुर्च्या मांडायला ते सर्वांच्या आधी हजर. पवित्र शास्त्र त्यांना पाठ झालं ते आजाऱ्यांच्या उशाशी वाचून वाचून. ज्या पानांच्या आधाराने आपण माणसांना धीर दिला तीच ही पोर फाडायला निघाली, असं त्यांना वाटलं असेल. त्यांचं हे दान तुझ्याकडे नाही, बाळा. माझ्याकडेही नाही. एका संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जा. आधी त्यांचं ऐक, आजाऱ्याजवळ बसून काय बोलावं ते विचार, मग हवं तर एखादा शंख दाखव. पटलं नाही तरी उठून येऊ नकोस.

न पटताही एकत्र राहता येतं, याचं उदाहरणही तुझ्याच गावात आहे. सदरला ऑल सेंट्स कथीड्रलच्या आवारात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा वेगवेगळ्या चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी 1929 पासून चालू होती. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की जाणत्या वयात माणसाने स्वतः मागून घ्यावा, यावर ख्रिस्ती माणसं शतकानुशतकं वेगळी झाली. इथे दोन्ही रीती मान्य करून ही सहाही चर्चेस एका छताखाली आली. त्या दिवसाच्या सोहळ्यापेक्षा मला हे मोठं वाटतं, कारण यात कोणालाही आपली श्रद्धा गिळून आत यावं लागलं नाही. चाळीस वर्षं बोलत राहिले म्हणून हे जमलं. तू एका सभेत दमलीस.

आता माझं एक ऐक. शब्बाथ शाळेला शिक्षक कमी पडतात असं तूच लिहिलं होतंस. पाळक साहेबांना भेट आणि मोठ्या मुलांच्या वर्गाचा अर्धा वेळ माग. मुलांना आपापल्या अंगणातला एकेक दगड आणायला सांग. ‘हा कधी झाला?’ असं कोणी विचारलं तर जे शिकलीस ते सरळ सांग. ‘मग देवाने केव्हा केला?’ असंही कोणीतरी विचारेलच. तिथे घाईने उत्तर देऊ नकोस, त्यांनाच बोलू दे. काकांनाही त्या वर्गाला बोलाव. पाळक साहेब काय म्हणतात ते कळव. नाताळात मी येते आहे, तेव्हा तुझ्या वर्गाला माझ्याकडचे टाकळीचे दोन नमुने देईन.

तुझी,
आत्या