वारसा आणि निवड

आपल्या वसतिगृहात रोज सकाळी त्रिशरण-पंचशील होते. एके दिवशी दहावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला वर्गात विचारले, "सर, बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार करून धम्म निवडला. आम्हांला तो जन्मतःच मिळाला. मग आमची निवड कोणती?" इतिहासाच्या शिक्षकाला सनावळीच्या आड लपणे सोपे असते. त्या दिवशी आम्हांला ते साधले नाही. आज अनेक पालकांच्या घरीही हा प्रश्न उभा असेल, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम ती एकवीस वर्षे पाहू. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधल्या काळात बाबासाहेबांनी नीती मोजण्याचे माप घडविले. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, परंतु तेथे होऊ न शकलेल्या १९३६ च्या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम अमुक करा, असे सांगतो. तत्त्व कृती पारखण्याची रीत देते. नियम पाळणारा आज्ञाधारक ठरतो, तत्त्वाने वागणारा मात्र आपल्या कृतीला स्वतः जबाबदार असतो. मनुस्मृतीत एकाच अपराधाला वर्णपरत्वे निरनिराळा दंड आहे. म्हणजे कृती पाहण्याआधी कर्त्याचा जन्म पाहिला जातो. अशी नीती मापाला लावावी लागतच नाही.

१९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात हे माप अधिक स्पष्ट झाले. धर्म बुद्धीला पटला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मानली पाहिजे आणि दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. मार्क्सचा विचार तर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख व शोषण संपविण्याचे ध्येय दोघांचेही. परंतु हिंसा व हुकूमशाही हे साधन त्यांना मान्य नव्हते. विरोधकालाही त्याचे देणे चुकते करणारी ही तुलना आमच्या मते विद्यार्थ्यांना मुळातून वाचून दाखविली पाहिजे. आपल्या सभांतून ती फारशी ऐकू येत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही त्याला सिगालाची कथा सांगितली. राजगृहाचा हा तरुण गृहस्थ रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करी. का, तर वडील मरताना तसे सांगून गेले होते. म्हणजे त्यालाही ते वारशानेच मिळाले होते. बुद्धांनी त्याची थट्टा केली नाही. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण, असा अर्थ त्यांनी दिला. प्रत्येक नात्यात कर्तव्ये दोन्ही बाजूंनी सांगितली. कामकऱ्याने नीट काम करावे. मालकानेही त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळेवर सुटी द्यावी. शिष्याने गुरूची सेवा करावी, तर गुरूने काही हातचे न राखता शिकवावे. (हे वाक्य वर्गात सांगताना आम्हीच थोडे अडखळलो, हे कबूल केले पाहिजे.)

पंचशिलाचे शब्दही असेच आहेत. त्यांत कोणाची आज्ञा नाही. 'शिक्खापदं' म्हणजे शिकण्याची पायरी आणि 'समादियामि' म्हणजे मी स्वीकारतो. क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. वंदना सर्वांनी मिळून म्हटली तरी स्वीकारणारा प्रत्येकजण एकटाच असतो. दहावीच्या मुलांना व्याकरण नीरस वाटते, परंतु या एका क्रियापदावर आमचा सगळा तास गेला.

तासाच्या शेवटी आम्ही मुलांना एक काम दिले : आठवडाभर रोज एक शील घेऊन, ते कोठे पाळता आले आणि कोठे नाही, हे वहीत लिहावे. बहुतेकांनी मद्यपानाबद्दल ठळक अक्षरांत लिहिले. त्या वयात ते शील सर्वांत सोपे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या. खोलीतल्या मित्राच्या पेटीतले लाडू त्याने न विचारता खाल्ले होते आणि दुसऱ्या दिवशी वंदनेत दुसऱ्या शिलापाशी त्याचा आवाज निघाला नव्हता. ती वही आम्ही गुण न देता परत केली. पुढे त्याने मित्राला सांगितले की नाही, हे आम्ही विचारले नाही.