उजाडायच्या आत नको

तुमच्या बचत गटानं गावचा माजी मालगुजारी (मामा) तलाव ठेक्यानं घेतला, हे ऐकून बरं वाटलं गं. बीज किती सोडायचं विचारलंस ना? कमी सोड.

पहिल्या वर्षी आम्हाला हाव सुटली. कटला वर खातो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. मग कितीही मावतील, असा आमचा हिशेब. श्रावणात तीन दिवस आभाळ उघडलंच नाही. पाण्यातलं शेवाळ ऊन मिळालं तरच प्राणवायू करतं, आणि रात्री स्वतःच तो ओढून घेतं. चौथ्या दिवशी उजाडल्यावर पाळीवर गेलो, तर पाण्यावर सगळी पांढरी पोटं. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. आपल्याकडे तर उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर!

प्रशिक्षणात सांगतात, पहाटे तलावावर चक्कर मारा. बरोबरच आहे, प्राणवायू तेव्हाच सगळ्यात कमी असतो. पण ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडची पहाट वाघाचीही असते, हे सांगणाऱ्याच्या वहीत नसतं. म्हणून म्हणते, मासे विरळ ठेव. म्हणजे रात्रीचा घोर कमी. आभाळ भरलं की त्या दिवशी कोंडा, ढेप, शेण काही टाकू नकोस. मोटरपंप आधीच पाळीवर आणून ठेव. मासे तोंड वर काढताना दिसले, तर तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात पाडायचं.

बीज दरवर्षी विकतच घ्यावं लागेल. हे मासे साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी ओडिशात ग्रंथीचा अर्क टोचून ती घालायला लावली, तेव्हा कुठे बीज केंद्रांची वाट मोकळी झाली. जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, स्वस्त म्हणून भुलू नकोस, बोटभर बोटुकलीच घे. बीजाची पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगू दे, मगच तोंड सोड.

धानवाल्यांशी मात्र आत्ताच बोलून घे. पाऊस लवकर गेला की बांधीला पाणी हवंच असतं. तळाशी माशांपुरतं किती ठेवायचं, ते ग्रामसभेत लिहून घे. आमचं तोंडी होतं, ते वाहून गेलं.

आणि उजाडायच्या आत पाळीवर एकटी दिसलीस, तर माझ्याशी गाठ आहे.