कंबरेच्या हिशेबाची वही

डेअरीत दूध घालणारा शेतकरी लिटर किती व फॅट किती, हे रोज पुस्तकात लिहून घेतो. म्हैस आटू लागली की ते आकड्यांवरून लगेच कळते. त्याच शेतकऱ्याला विचारा, "व्यायाम सुरू केल्यापासून कंबर कशी आहे?" तो म्हणेल, "आहे तशीच." हे उत्तर अंदाजाचे असते, आणि अशा अंदाजापायीच पुष्कळ जण चांगला सुरू केलेला व्यायाम तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

इंदूर, वडोदरा, हैदराबाद अशा शहरांत हल्ली पिलाटिस या व्यायामाचे वर्ग चालतात. शहरात नोकरी करणारी मुले तो शिकतात आणि सुट्टीत घरी आल्यावर आईवडिलांनाही चटईवर झोपवून शिकवतात. ही पद्धत जोसेफ पिलाटिस यांची. त्यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी ते प्रकृतीने अशक्त होते. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये स्थानबद्ध होते. त्या काळातही त्यांनी आपल्या व्यायामाचा अभ्यास चालू ठेवला. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी व्यायामशाळा काढली. १९६७ साली ते वारले. या व्यायामात घाई नाही. श्वासाच्या तालावर पोट, पाठ व नितंब यांचे स्नायू सावकाश कामाला लावायचे असतात.

याचा उपयोग किती? वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ साली कंबरदुखीवरील प्रयोग तपासले. काहीच विशेष उपचार न करण्यापेक्षा पिलाटिसने वेदना व अडचण कमी होते, असे दिसले. मात्र इतर व्यायामांपेक्षा तो सरस आहे, असे सिद्ध झाले नाही. म्हणजे नावाला भुलू नये. आपल्या अंगाला गुण येतो की नाही, हे आपणच पाहावे. त्यासाठी एक साधी वही पुरे.

वहीत काय लिहावे?

पहिल्या दिवशी, आणि नंतर दर चार आठवड्यांनी, सकाळी कामाला जाण्यापूर्वी पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. वेदना : मुळीच नाही म्हणजे ०, असह्य म्हणजे १०. मागील आठवड्यातील सर्वसाधारण आकडा लिहावा.

२. खुर्चीवरून उठणे : सुमारे १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवावी. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. ६५ ते ६९ वयात पुरुषाला १२ पेक्षा किंवा स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पडण्याचा धोका जास्त समजतात.

३. एका पायावर उभे राहणे : भिंतीजवळ, कोणीतरी शेजारी असताना. १० सेकंद झाले की थांबावे.

४. कंबर उचलणे : पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलावी. श्वास न कोंडता किती सेकंद धरता येते, ते लिहावे.

५. रोजचे एक काम : भरलेली कळशी उचलणे, धार काढून उठणे, किंवा चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर बाकाचा आधार न घेता उठणे. जमते, कष्टाने जमते की जमत नाही, एवढेच लिहावे.

समासात त्या आठवड्यात शेतात कोणते काम होते व किती दिवस व्यायाम झाला, तेही टिपावे.

वही कशी वाचावी?

पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जातंतू व स्नायू यांचा मेळ सुधारल्यामुळे. स्नायू भरण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून आरशात फरक दिसला नाही तरी निराश होऊ नये. कधी वेदनेचा आकडा तोच राहतो, पण खुर्चीवरून उठणे ८ वरून ११ वर जाते. हीसुद्धा प्रगतीच आहे. वही नसती तर ती ध्यानात आली नसती. उलट भातलावणी किंवा ऊसतोडीच्या आठवड्यात आकडा चढला, तर दोष व्यायामाला देण्याआधी समास पाहावा. आठ ते बारा आठवडे नियमित करूनही एकही आकडा हलला नाही, तर शिकवणाऱ्याला किंवा डॉक्टरांना वही दाखवावी.

आपली वही शेजाऱ्याच्या वहीशी ताडून पाहू नये. त्याचे वय वेगळे, कष्ट वेगळे.

सावधगिरी

हाडे ठिसूळ झालेल्यांनी पुढे वाकण्याचे व पाठ गोल करून उठण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ही चिन्हे दिसली तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप असेल किंवा कारण नसता वजन घटत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास वेळ लावू नये.

जनावराच्या दुधाचा हिशेब आपण ठेवतो, कारण त्यावर घर चालते. घर आपल्या कंबरेवरही चालते. मुलांच्या जुन्या वहीतील चार कोरी पाने काढा आणि उद्या सकाळी पहिला आकडा लिहा.