खाऱ्या टाकीला गंजाचे दाणे

बाळा, टाकीचा फोटो पाहिला. काचेवर हिरवी साय धरलीय आणि तू विचारतोयस, "मामा, फॉस्फेट काढायला कोणता मिडिया घेऊ?" मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाला १९५१ पासून समुद्राची सोबत होती. आपल्या शिक्रापुरापासून समुद्र रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या पुढे, तो आपल्याला पाकिटातल्या मिठातून बनवावा लागतो. हे खूळ घरात पहिल्यांदा मी आणलं, त्यामुळे चुकांचा सातबारा माझ्या नावावर आहे. सावकाश वाच.

१. आधी मोज, मग दुकानात जा. आकडा ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आत असेल तर काही घेऊ नकोस. पण शेवाळ दाट असलं की तेच फॉस्फेट खाऊन बसतं आणि किट शून्य दाखवतं, म्हणून एका मोजणीवर भरवसा नको.

२. किट 'फॉस्फेट' मोजतं की 'फॉस्फरस', ते खोक्यावर वाच. फॉस्फरस असेल तर आकड्याला ३.०७ ने गुण — मी महिनाभर न गुणताच खूश होतो. तू उसाला डीएपी टाकणाऱ्या घरातला, तुला हे लवकर कळेल: गोणीवरचा ४६ हा फॉस्फरसच्या ऑक्साइडचा आकडा, निव्वळ फॉस्फरस त्यात वीस टक्क्यांच्या आसपासच.

३. बोअरचं पाणी टाकीत नको, आणि स्वयंपाकघरातल्या आरओचंही नको — चवीसाठी बरेच आरओ थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. टाकीसाठी आरओनंतर डीआयचा, म्हणजे उरलेले क्षार काढणारा, टप्पा लाव आणि टीडीएस मीटरवर शून्य बघ.

४. गोठवलेलं खाणं वाटीत वितळव, चहाच्या गाळणीत गाळ आणि मगच घाल — त्या पाण्यात फॉस्फेट भरपूर असतो. गाळलेलं पाणी जास्वंदीच्या कुंडीत घाल, तुळशीत नको, आजी रागावेल. ताटातलं आवरलं की मोरीतलं आपोआप आवरतं.

५. एवढं करूनही आकडा वर राहिला तर जीएफओ घे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, आपल्या गंजाचेच भाऊबंद — फॉस्फेट दाण्याच्या अंगाला चिकटतो आणि सहसा सुटत नाही. नवशिक्याला याच्याइतका सरळ मिडिया दुसरा नाही, असं माझं मत.

६. वापरण्याआधी आरओच्या पाण्यात धू. पहिलं पाणी वेळ नदीच्या पहिल्या पुरासारखं लालभडक येईल, तिसऱ्या-चौथ्या वेळी चहासारखं, मग निवळेल. दाणे तांदळासारखे चोळू नकोस — फुटले की त्यांचं पीठ टाकीभर पसरतं आणि वाळूवर तांबडा थर बसतो.

७. पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मंच टाक, उरलेलं दोन आठवड्यांनी — फॉस्फेट एकदम पडला की कोरलची टोकं पांढरी पडतात. मी पहिल्याच रात्री पूर्ण डबा रिकामा केला होता. सकाळी पाणी आरशासारखं स्वच्छ, मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. चौथ्या दिवशी ज्या फांदीवर माझा जीव होता तिची कातडी खालून सुटायला लागली. ती काही वाचली नाही. काच चकचकीत झाली म्हणजे टाकी बरी झाली असं नसतं रे.

८. रिअ‍ॅक्टरमध्ये (म्हणजे दाणे भरायच्या नळकांड्यात) पाणी खालून वर जाऊ दे, आणि वरचा थर उतू जायच्या बेतातल्या दुधासारखा नुसता थरथरू दे — जोर जास्त झाला तर दाणे एकमेकांवर घासून झिजतात, कमी झाला तर त्यांची ढेप होते. रिअ‍ॅक्टर नसेल तर जाळीची पिशवी टाकीखालच्या सम्पमधल्या वाहत्या पाण्यात ठेव. काम कमी होईल, पण होईल.

९. दुसरा मिडिया म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे मणी — दिसायला गोड आणि धुळीचा त्रासही कमी. पण तुझ्याकडे लेदर कोरल आहे — ॲल्युमिनियम पाण्यात उतरलं की ते बोटं मिटून बसतं, रुसलेल्या पोरासारखं.

१०. लॅन्थनम क्लोराइड हे पातळ औषध. नुसते मासेच असलेल्या मोठ्या टाकीला ते स्वस्त पडतं. थेंबाथेंबाने, बारीक फिल्टर सॉकच्या तोंडाशीच सोडावं लागतं — गाळ मोकळा सुटला तर सर्जनफिशसारख्या माशांना श्वास जड होतो. पहिल्या वर्षी तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

११. मिडिया कॅलेंडर बघून बदलू नकोस. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर येणारं पाणी मोज — आत आणि बाहेर आकडा सारखा आला की दाणे भरले.

१२. आकडा उतरून पुन्हा चढला तर दुकानदाराला शिव्या देऊ नकोस — जुन्या खडकात मुरलेला फॉस्फेट हळूहळू बाहेर येतो, महिनेही लागतात. आणि खडकाच्या हौसेने मालवणहून पोवळ्याचा तुकडा खिशात घालून आणू नकोस. खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

१३. शून्याचा हट्ट नको — फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही संपले की डायनोफ्लॅजेलेट माजतात, वाळूवर तपकिरी शेंबडासारखे, वर बुडबुडे. शेवाळ परवडलं, हे नको.

१४. लाईट जाऊन बरेच तास रिअ‍ॅक्टर बंद राहिला, तर पंप सुरू करण्याआधी त्यातलं पाणी बादलीत ओत — बंद नळकांड्यात ऑक्सिजन संपून सडक्या अंड्याचा वास धरतो. एकदा हुंगून बघ, परत सांगावं लागणार नाही.

रविवारी चाकणहून येताना माझं किट घेऊन येतो, दोघं मिळून मोजू. तोवर काही विकत घेऊ नकोस. आणि हो, माशांच्या खाण्याची गाळणी वेगळी आण. मागच्या वेळी तुझ्या मामीने त्याच गाळणीने पाहुण्यांचा चहा गाळला होता.