अडलेली डिकी : कारण शोधण्याचा एक पाठ

जुन्या मोटारीची डिकी किल्ली लावूनही उघडेना झाली, की जमलेल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी पहार घेऊन पुढे येतो. झाकण उचकटले जाते, डिकी उघडते. परंतु वाकलेले झाकण पुन्हा पूर्वीसारखे बसत नाही. पावसाचे पाणी आत शिरू लागते आणि दोन पावसाळ्यांत डिकीचा तळ गंजतो. एका क्षणाच्या अधीरतेची किंमत गाडी वर्षानुवर्षे मोजत राहते. म्हणून ही अडचण क्रमाने कशी सोडवावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. स्मरणिकेच्या वाचकांत चालक आहेत, शेतकरी आहेत, शिक्षक आहेत. ज्यांच्या दारात जुनी गाडी नाही, त्यांनाही हा विचार कपाटाच्या वा पेटीच्या कुलपापाशी उपयोगी पडेल.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटले की दोन नावे हटकून येतात. एक अँबेसेडर आणि दुसरी फियाट, म्हणजेच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडत. अँबेसेडर बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होई. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये निवृत्त झाली. अशा गाडीचे झाकण किंवा कुलूप मोडले, तर नवे सहजासहजी मिळत नाही. भंगार बाजारात जोडी शोधत फिरावे लागते. ‘मोडले तर बदलू’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

रचना समजून घेऊ

डिकी बंद राहते ती तीन भागांमुळे. पहिला भाग कुलूप. त्याच्या नळीत पितळेच्या लहान पट्ट्या असतात व बारीक स्प्रिंग त्यांना दाबून धरतात. योग्य किल्लीचे दाते सर्व पट्ट्या एका रेषेत आणतात, तेव्हाच नळी फिरते. दुसरा भाग पकड. कुलपामागील दांडी ही पकड सोडविते. तिसरा भाग खुंटी; बंद झाकणाची पकड तिच्यात अडकते. याशिवाय कडेने रबराची पट्टी असते, ती धूळ व पाणी अडविते. या चारांपैकी नेमके काय अडले आहे, हे कळल्याशिवाय कोणत्याही हत्याराला हात लावू नये.

आमच्या जिल्ह्याचे हवामान या चारही भागांची परीक्षा पाहते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या भागांत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. काळ्या मातीची बारीक धूळ कुलपाच्या तोंडातून आत जाते, पावसाळ्यात तीच ओली होते आणि पट्ट्या जाम करते. उन्हात उभ्या गाडीचे जुने रबर नरम पडून रंगाला चिकटते.

लक्षणावरून कारण

किल्ली आतच जात नसेल, तर धूळ किंवा गंज हे कारण समजावे. किल्ली आत जाते पण फिरत नाही, तेव्हा किल्ली झिजलेली असते, पट्ट्या अडकलेल्या असतात, किंवा आतील सामानाने झाकण वर रेटल्यामुळे पकडीवर ताण आलेला असतो. किल्ली मोकळी फिरते परंतु आत काहीच हालत नाही, तेव्हा कुलपामागील दांडी निसटली किंवा तुटली असण्याचा संभव अधिक. पकड सुटल्याचा आवाज येतो, तरी झाकण उचलत नाही, तेव्हा दोष रबराचा किंवा बिजागरीचा असतो. एवढे निरीक्षण केले, तरी निम्मे काम झाले असे समजावे.

सौम्य उपायापासून आरंभ

एक : किल्ली स्वच्छ पुसून घ्यावी व ती वाकलेली नाही ना, हे पाहावे. घरात दुसरी, कमी वापरलेली किल्ली असेल, तर ती आधी लावून पाहावी. झिजलेल्या किल्लीवरून काढलेल्या नकलेत ती झीजही उतरते, हे ध्यानात असावे.

दोन : एकाने दोन्ही तळहातांनी झाकण कुलपाजवळ खाली दाबावे व त्याच वेळी दुसऱ्याने किल्ली फिरवावी. पकडीवरील ताण कमी होऊन पुष्कळदा डिकी येथेच उघडते. झाकण वर ओढत किल्ली फिरविण्याची सवय नेमकी उलटी आहे. त्यामुळे पकड अधिकच घट्ट होते.

तीन : कुलपात गंज सोडविणाऱ्या पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडून अर्धा तास थांबावे. नंतर किल्ली हलक्या हाताने आत-बाहेर करावी. किल्ली पक्कडीत धरून पिळू नये. ती तुटली की तुकडा नळीत अडकतो व एका अडचणीच्या दोन होतात.

चार : रबर चिकटले असेल, तर गाडी सावलीत आणून थंड होऊ द्यावी. मग झाकणाच्या कडेवर मुठीने हलके ठोके द्यावेत आणि फटीतून पातळ प्लास्टिकची पट्टी सावकाश फिरवावी. लोखंडी पाते वापरल्यास रंग खरवडला जातो व तेथूनच गंज सुरू होतो.

आतून मार्ग

बाहेरचे उपाय थकले, म्हणजे मागील आसनाकडे वळावे. बहुतेक जुन्या गाड्यांत बसण्याची गादी वर उचलून काढता येते आणि पाठ स्क्रूवर किंवा आकड्यांवर बसविलेली असते. तिच्यामागे पुठ्ठ्याचा पडदा असल्यास तो सोडवून विजेरीच्या उजेडात डिकीत हात घालता येतो. काही गाड्यांत तेथे पत्राच असतो. तो कापण्याच्या फंदात पडू नये, जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. हात पोहोचला, तर आधी पकडीची दांडी बोटाने किंवा लांब स्क्रू ड्रायव्हरने सरकवून पाहावी. ती न हालल्यास पकडीचे बोल्ट पान्याने सोडवावेत.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. अशा गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्या बाजूस, डिकीच्या जवळ असते. म्हणून या कामात मेणबत्ती, काडी, गॅसची ज्योत किंवा ठिणग्या उडविणारे यंत्र जवळही आणू नये. पेट्रोलचा वास येत असेल, तर काम थांबवावे.

उघडल्यानंतर

डिकी उघडताच आनंदाने ती पुन्हा आपटून लावणे, ही चूक फार ठिकाणी होते. झाकण उघडे असतानाच स्क्रू ड्रायव्हरने पकड हाताने बंद करावी आणि किल्लीने सोडवून पाहावी. असे पाच-सहा वेळा सुरळीत झाल्यावरच झाकण लावावे. पकड व खुंटी यांना थोडे ग्रीस द्यावे. कुलपाच्या नळीत मात्र ग्रीस घालू नये. त्यावर धूळ बसून चिखल होतो. तेथे ग्राफाईटची कोरडी पूड चांगली. ती नसल्यास शिसपेन्सिलीचे टोक किल्लीच्या दात्यांवर घासले तरी चालते. रबर पुसून त्यावर टाल्कम पावडर लावावी. आणि महिन्यातून एकदा डिकी उघडावी. न वापरलेले कुलूप आधी अडते.

या पाठातील शिकवण

तथागतांनी चार आर्यसत्यांत जो क्रम सांगितला, तो दुःख, दुःखाचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग असा आहे. दुःख आहे म्हणून आदळआपट करण्यास त्यात जागा नाही. कारण नाहीसे केले की कार्य आपोआप थांबते. कुलपाच्या बाबतीत हा नियम डोळ्यांनी पाहता येतो, म्हणून मुलांना तो शिकविण्यास अडलेली डिकी हे उत्तम साधन आहे, असे आम्हास वाटते.

याला शीलाचीही जोड हवी. बंद डिकी किल्लीवाचून उघडण्याचे ज्ञान चोराच्याही उपयोगाचे असते. न दिलेली वस्तू घेणार नाही, हे पंचशीलातील दुसरे शील ज्याने स्वीकारले, त्यानेच हे कसब शिकावे. गाडी कोणाची आहे व मालकाची परवानगी आहे काय, हे विचारल्याशिवाय हात लावू नये.

शेवटी, हाताच्या कामाविषयी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच आपल्या मुलांसाठी सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या होत्या. ज्या समाजाला गावाने ठरवून दिलेली कामेच करावी लागत, त्या समाजाच्या मुलांनी यंत्र हाती घ्यावे, ही मागणी साधी नव्हती. आज आपली मुले पदव्या घेत आहेत, याचा अभिमान आहेच. मात्र पदवीधर मुलाने पाना हाती धरण्यात कमीपणा मानला, तर त्या मागणीचा अर्धा भाग आपण विसरलो असे होईल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे मिस्त्री आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे आणि एखादे जुने कुलूप मुलांसमोर सुटे करून दाखवावे. कुलूप शांतपणे उघडण्यास शिकलेला मुलगा पुढे माणसांच्या अडचणींपाशीही पहार घेऊन जाणार नाही. तो आधी कारण विचारील.